कोणत्या अटीवर?

स्मरणिका समितीचे पत्र आले तेव्हा त्यात एवढीच अपेक्षा होती, की आपल्या क्षेत्रातील एखाद्या विषयावर, पण आपल्या लोकांना कळेल असे लिहावे. माझे क्षेत्र किरणोपचाराचे. मी डॉक्टर नाही. कर्करोगाच्या रुग्णाला किरणांची मात्रा किती, कोणत्या दिशेने आणि किती दिवसांत द्यायची, याचे गणित मांडणारा वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ आहे. हा विषय विद्यालयाच्या स्मरणिकेत कसा बसवावा, असा प्रश्न प्रथम पडला. नंतर ध्यानात आले, की या विषयाचे बीज मला विद्यालयातच मिळाले होते. ते वेळेवर उगवले नाही, याची खंतही तेवढीच जुनी आहे.

आठवीत असताना आमच्या विज्ञानाच्या सरांनी प्रयोगशाळेत एक मेणबत्ती पेटवली आणि तिच्यावर काचेचा पेला उपडा ठेवला. ज्योत लहान झाली, थरथरली आणि विझली. असा प्रयोग सगळ्याच शाळांत होतो. आमच्या सरांचा प्रश्न मात्र वेगळा होता. ‘मेणबत्ती का जळते?’ असे त्यांनी विचारले नाही. ‘मेणबत्ती जळते, हे कोणत्या अटीवर खरे आहे?’ असे विचारले. त्याच संध्याकाळी विहारात वंदनेनंतर भन्तेजी प्रतीत्यसमुत्पाद समजावून सांगत होते. कोणतीही गोष्ट एकट्याने घडत नाही, तिला हेतू लागतो आणि प्रत्ययही लागतात, बी असले तरी माती, पाणी आणि ऊन नसेल तर अंकुर फुटत नाही, असे ते म्हणाले. सकाळची मेणबत्ती आणि संध्याकाळचा धम्म या दोन निराळ्या गोष्टी नाहीत, एवढे त्या वयातही जाणवले. पुढे पंचवीस वर्षे माझ्या कामात हा एकच प्रश्न मला पुरला.

मी मूळचा वाकोल्याचा. सांताक्रूझ पूर्वेला महामार्ग ओलांडून आत शिरले, की आमची वस्ती लागते. एका अंगाला नाला, दुसऱ्या अंगाला विद्यापीठाची कलिन्याची भिंत आणि अधूनमधून डोक्यावरून घरघरत जाणारी विमाने. आमच्या गल्लीत पालिकेचे पाणी पहाटे दोन तास येई. नळ गल्लीच्या तोंडाशी होता आणि तिथून एक बारीक नळी आतपर्यंत नेलेली होती. तोंडाशी असलेल्या घरांची पिंपे आधी भरत. मधल्या घरांना हंडाभर मिळे. आमची खोली अगदी शेवटची. आमच्यापर्यंत पोहोचताना पाण्याची धार करंगळीएवढी होई, उन्हाळ्यात तीही होत नसे. पाणी कोणी अडवलेले नसे. वाटेतल्या घरांनी आपापल्या गरजेपुरते घेतले, की शेवटच्या घराला काही उरत नसे.

कर्करोगाच्या गाठीत प्राणवायूचे अगदी असेच होते. गाठीतील पेशी भराभर वाढतात, पण त्यांना पोसणाऱ्या रक्तवाहिन्या त्या वेगाने आणि नीट रचनेने वाढत नाहीत. रक्तवाहिनीजवळच्या पेशी प्राणवायू वापरून टाकतात. त्यामुळे रक्तवाहिनीपासून दीडशे ते दोनशे मायक्रॉनच्या पलीकडे, म्हणजे मिलिमीटरच्या पाचव्या-सहाव्या भागापलीकडे, तो पोहोचतच नाही. तिथल्या पेशी मरून जातात. त्यांच्या अलीकडे मात्र काही पेशी अशा असतात, की त्यांना जेमतेम जगण्यापुरताच प्राणवायू मिळतो. १९५५ साली इंग्लंडमध्ये टॉमलिन्सन आणि ग्रे यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली मोजून ही गोष्ट दाखवली. आज किरणांची मात्रा ज्या ‘ग्रे’ या एककात मोजतात, ते याच लुई हॅरल्ड ग्रे यांच्या नावाचे आहे.

या अर्धमेल्या पेशी दुबळ्या असतील आणि किरणांनी आधी त्याच मरतील, असे कोणालाही वाटेल. घडते ते नेमके उलट. क्ष-किरण पेशीत शिरले, की तेथील पाण्याच्या रेणूंची मोडतोड होते आणि त्यातून निर्माण झालेले तुकडे पेशीच्या गुणसूत्रांवर घाव घालतात. जवळ प्राणवायू असेल तर तो त्या घावावर चिकटतो आणि घाव कायमचा होतो. प्राणवायू नसेल तर पेशीतील इतर रसायने तो घाव लगेच भरून काढतात. म्हणूनच प्राणवायूविना असलेल्या पेशी मारायला क्ष-किरणांची जवळजवळ तिप्पट मात्रा लागते. व्हिएन्नातील डॉक्टर श्वार्त्स यांना १९०९ सालीच याची चाहूल लागली होती. किरण देताना त्वचा दाबून धरली आणि तिचा रक्तपुरवठा कमी केला, तर त्वचा कमी भाजते, असे त्यांना आढळले. किरण मारतात, हे खरे. पण कोणत्या अटीवर? प्राणवायू असेल तर.

हे सारे मला फार उशिरा कळले.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना बाबांच्या जिभेच्या मुळाशी गाठ निघाली. मानेत लिंबाएवढी दुसरी गाठ आली होती. बाबा गवंडी होते. नाक्यावर उभे राहून काम मिळवायचे आणि संध्याकाळी बिडी ओढत घरी यायचे, असा त्यांचा चाळीस वर्षांचा क्रम. रुग्णालयाने पस्तीस दिवसांचे किरणोपचार सांगितले, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे एकूण सात आठवडे. दर खेपेला दोन ग्रे, एकूण सत्तर. चौथ्या दिवशी यंत्राखालून बाहेर येताना बाबांनी मला विचारले, ‘पोरा, एवढी मोठी मशीन आहे, तर रोज चिमूटभर कशाला देतात? भिंत पाडायची तर एकदाच घण घालावा आणि मोकळं व्हावं.’

मी भौतिकशास्त्राचा विद्यार्थी असूनही मला उत्तर देता आले नाही. ‘डॉक्टरांनी सांगितलंय ना, मग तसंच करायचं,’ एवढेच म्हणालो. ज्याला कारण कळलेले नाही, तो आज्ञा मोडायलाही कचरत नाही. ते पावसाळ्याचे दिवस होते. तिसऱ्या आठवड्यात तोंडात फोड आले. पाचव्या आठवड्यात घरातले पैसे संपले. बाबा दोन दिवस कामावर गेले, दोन दिवस पावसामुळे गाड्या बंद होत्या आणि आणखी दोन दिवस ‘आता गाठ लहान झाली आहे, काय घाई आहे’ म्हणून घरीच राहिले. एकूण सहा खेपा चुकल्या. त्या नंतर भरून काढल्या, पण उपचार लांबला तो लांबलाच. आईपासून लपवून ओढलेल्या बिड्यांचा वासही मला येत असे. एवढ्या यातनेत तेवढेच एक सुख त्यांना उरले आहे, असे वाटून मी बोललो नाही. चौदा महिन्यांनी मानेतली गाठ त्याच जागी पुन्हा उभी राहिली. पुढच्या बुद्धपौर्णिमेला बाबा नव्हते.

त्यानंतर कलिन्याला एम.एस्सी. केले आणि मग भाभा अणुसंशोधन केंद्रात किरणोत्सर्गी भौतिकशास्त्राची पदविका घेतली. तिथल्या एका व्याख्यानात बाबांच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले आणि मला वहीत लिहिता येईना.

उत्तर आमच्या गल्लीतच होते. पहिल्या खेपेला गाठीच्या बाहेरच्या भागातल्या, भरपूर प्राणवायू मिळणाऱ्या पेशी मरतात. तोंडाशी असलेली घरे रिकामी झाली, की नळाचे पाणी मागच्या घरांपर्यंत पोहोचू लागते. तसाच प्राणवायू आतल्या पेशींपर्यंत पोहोचतो. आदल्या दिवशी जी पेशी किरणांना दाद देत नव्हती, ती आता देऊ लागते. दुसऱ्या दिवशी तिच्यावर घाव बसतो. रोज थोडे देण्यामागे इतरही कारणे आहेत. आसपासच्या निरोगी पेशींना सावरायला वेळ मिळणे, हे त्यांतले मोठे कारण. पण गाठीच्या गाभ्यापर्यंत प्राणवायू हळूहळू पोहोचावा, हेही त्यांतलेच एक आहे. एकाच दिवशी सगळी मात्रा दिली तर बाहेरचे मरतील आणि आतले वाचतील. आणि मध्येच खंड पडला तर उरलेल्या पेशी पुन्हा वाढू लागतात. तोंड-घशाच्या कर्करोगात उपचार लांबलेल्या दर दिवसामागे रोग आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे एक टक्क्याने घटते, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे.

बिडीचेही तसेच. बिडीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा कितीतरी घट्ट धरून बसतो आणि प्राणवायूची जागा अडवतो. उपचार चालू असताना धूम्रपान करणाऱ्यांना किरणांचा लाभ कमी होतो, असे अभ्यासांत दिसून आले आहे. पंचशीलातले पाचवे शील आम्ही दारूपुरतेच धरून चाललो. मिश्री, तंबाखू आणि बिडी यांना आमच्या घरांतून कोणी दोष मानत नसे. आजही फारसे मानत नाहीत.

बाबा त्या सहा दिवसांमुळे गेले, असे मी म्हणणार नाही. विज्ञान मला तसे म्हणू देत नाही. मानेतली ती गाठ मोठी होती आणि सगळे दिवस भरले असते तरीही ती उलटली असती, असे होऊ शकते. पण मला उत्तर ठाऊक असते, तर त्यांच्या बाजूचे एक तरी माप जड झाले असते.

आता याच प्रश्नाची पुढची पायरी. ज्या गाठीच्या गाभ्यात प्राणवायू पोहोचतच नाही, तिचे काय करायचे? यावर जगभर दोन दिशांनी काम चालले आहे. पहिली दिशा म्हणजे पेशीची अट पुरी करणे. डेन्मार्कमध्ये तोंड-घशाच्या कर्करोगाच्या रुग्णांना किरणोपचाराबरोबर निमोरॅझोल नावाच्या गोळ्या देतात. प्राणवायूविना असलेल्या पेशींत हे औषध प्राणवायूचे काम काही अंशी करते. दुसरी दिशा म्हणजे अटच न लागणारे किरण वापरणे. कण-किरणोपचार येतो तो इथे.

क्ष-किरण शरीरात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत वाटेत सगळीकडे मात्रा सांडत जातात. प्रोटॉनसारखे विद्युतभारित कण तसे करत नाहीत. ते वाटेत थोडी ऊर्जा देतात आणि थांबण्याच्या जागी उरलेली जवळजवळ सगळी एकदम देऊन टाकतात. कणांचा हा स्वभाव ब्रॅग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ओळखला आणि १९४६ साली रॉबर्ट विल्सन यांनी तो उपचारासाठी वापरावा असे सुचवले. आपल्याकडे टाटा मेमोरियल केंद्राच्या खारघर येथील संस्थेत प्रोटॉन उपचाराचे केंद्र उभे राहिले असून मे २०२३ मध्ये ते राष्ट्राला अर्पण झाले. सरकारी संस्थेत अशी सोय होणे ही मोठीच गोष्ट आहे. लहान मुलांच्या गाठी, कवटीच्या तळाशी किंवा मणक्याला लागून असलेल्या गाठी यांसाठी प्रोटॉनची ही अचूकता अमोल आहे.

पण प्रोटॉन अचूक आहेत म्हणून ते प्राणवायूविना असलेल्या पेशीलाही सहज मारतात, असे नाही. पेशीवर पडणाऱ्या त्यांच्या घावांची घनता बहुतेक वाटेवर क्ष-किरणांसारखीच विरळ असते आणि त्यांनाही प्राणवायूची मदत जवळजवळ तेवढीच लागते. कार्बनच्या अणुकेंद्राचे मात्र निराळे आहे. ते प्रोटॉनच्या बारापट जड आणि त्यावरचा भार सहापट. थांबता थांबता ते पेशीच्या गुणसूत्रांवर एकाच जागी इतके दाट घाव घालते, की ते भरून काढणे पेशीला जमत नाही, मग प्राणवायू असो वा नसो. जपानमधील चिबा येथे १९९४ पासून कार्बनचे उपचार होत आहेत. तिथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण स्त्रियांच्या गाठींतला प्राणवायू आधी मोजून मग कार्बनचे उपचार दिले गेले. प्राणवायू कमी असलेल्या आणि पुरेसा असलेल्या गाठींच्या निकालांत फारसा फरक पडला नाही, असे २००६ साली तिथल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केले. आपल्या मायबहिणींत हा रोग किती आहे हे ठाऊक असणाऱ्याला या ओळीचे मोल वेगळे सांगायला नको.

मग कार्बन आला की प्रश्न मिटला का? इथेही सरांचा प्रश्न आडवा येतोच. हे घाव दाट असतात ते कणाच्या शेवटच्या काही मिलिमीटरांत. गाठ तर काही सेंटिमीटर जाडीची असते. तिची सगळी खोली व्यापण्यासाठी कमी-अधिक ऊर्जेचे कण एकावर एक रचावे लागतात. या मिश्रणात दाट घाव विरळ घावांत मिसळून पातळ होतात. दोन बाजूंनी किरण दिले तर सर्वांत दाट घाव गाठीच्या कडांना पडतात आणि मधला भाग त्या मानाने सौम्य राहतो. गरज असते नेमकी उलटी, कारण प्राणवायूचा दुष्काळ बहुधा मध्येच असतो. जर्मनी आणि डेन्मार्कमधील भौतिकशास्त्रज्ञांनी यावर एक आखणी मांडली आहे. आधी खास चित्रणाने गाठीत प्राणवायू कुठे कमी आहे याचा नकाशा काढायचा. मग संगणकाला प्रत्येक कणाचे वजन असे निवडायला लावायचे, की दाट घाव त्या नकाशातल्या कोरड्या भागात एकवटतील आणि कडेला सौम्य घाव पुरतील. एकूण मात्रा तीच, पण तिची वाटणी गरजेप्रमाणे. या कामी कार्बनहूनही जड आयन, चक्क ऑक्सिजनचे आयन, वापरून पाहिले जात आहेत. जिथे प्राणवायू पोहोचत नाही तिथल्या पेशी मारायला प्राणवायूचाच अणू यंत्रातून धाडायचा, यातला विरोधाभास पाहून आमचे सर खूश झाले असते.

अडचणी अजून आहेत. प्राणवायूचा नकाशा स्थिर नसतो. गाठीतल्या काही रक्तवाहिन्या मिनिटा-तासांत मिटतात आणि उघडतात, त्यामुळे सोमवारचा नकाशा गुरुवारी खरा ठरेलच असे नाही. कार्बनची यंत्रणा अवाढव्य आणि फार खर्चाची आहे. जपान, जर्मनी, इटली, ऑस्ट्रिया, चीन अशा मोजक्या देशांत ती आहे. खारघरला प्रोटॉन आहेत, कार्बन नाही.

गेल्या वर्षी वाकोल्याच्या विहारात रविवारच्या वंदनेनंतर ओळखीच्या एक मावशी थांबल्या. त्यांच्या यजमानांना घशाचा कर्करोग झाला होता. ‘दादा, ते प्रोटॉन की काय, ते केलं की रोग मुळासकट जातो म्हणतात. खोली विकायला काढू का?’ त्यांच्या डोळ्यांत मला माझ्या आईचे डोळे दिसले. प्रोटॉन चांगलेच, असे सांगणे सोपे होते. नको, असे सांगणेही सोपे होते. मी त्यांच्याशी तासभर बोललो. प्रोटॉन चांगले हे कोणत्या अटीवर खरे आहे, ते सांगितले. कोणत्या गाठीला कोणते किरण हे डॉक्टर ठरवतील, त्यांना हाच प्रश्न विचारा, असे सांगितले. त्यांच्या डॉक्टरांनी नेहमीचेच किरणोपचार सुचवले होते, त्यांचा बळ तरी कशात आहे, तेही सांगितले: एकही खेप चुकू न देण्यात, बिडी आजपासून सोडण्यात, अंगात रक्त कमी असेल तर डॉक्टरांना वेळेवर कळवण्यात. खोली विकली गेली नाही. खेपा चुकू नयेत म्हणून वस्तीतली चार पोरे पाळीपाळीने काकांबरोबर गेली. काकांचे पुढे काय होईल ते आज सांगता येत नाही. पण सात आठवडे पूर्ण झाले, एकही दिवस न चुकता.

त्या मुलांपैकी एकाने मला विचारले, ‘रोज का जावं लागतं, हे काकांना कसं सांगायचं? ते चिडतात.’ काका बांधकामावरच काम करायचे. मी म्हणालो, त्यांना सांग, नव्या प्लास्टरवर पाणी मारतात ना, तसं आहे. सात दिवसांचं पाणी एकाच दिवशी ओतून चालत नाही. रोज थोडं मारावं लागतं, ते आतपर्यंत मुरावं लागतं आणि एक दिवस चुकला की भिंतीला तडे जातात. मुलगा हसला आणि निघून गेला.

मी मात्र तिथेच बसून राहिलो. चाळीस वर्षे भिंतींवर पाणी मारणाऱ्या माणसाला एवढे एक वाक्य पुरले असते. ते सुचायला मला पंचवीस वर्षे लागली.

विद्यालयातून आज बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना माझे एवढेच सांगणे आहे. जे शिकाल ते आपल्या घरच्या माणसाच्या भाषेत सांगता येईपर्यंत शिकणे पुरे झाले असे मानू नका. कोणी कितीही मोठे यंत्र दाखवले तरी आमच्या सरांचा प्रश्न विसरू नका. आणि ज्यांच्या घरात आज कोणी या आजाराशी झुंजत असेल, त्यांनी संकोच न करता हाक द्यावी. सोबत यायला आपण सारे आहोत.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम. नमो बुद्धाय.